आरोग्य विषमतेवर पीएचडी: प्रश्न, डेटा आणि पैसे कसे जुळवावेत

भूगोल किंवा नगर नियोजन विभागात पीएचडी करायची, विषय आरोग्य विषमतेचा आणि खर्च दुसऱ्या कोणीतरी उचलायचा, तर अर्ज भरण्याआधीच दोन उत्तरं हातात हवीत: नेमका प्रश्न काय आणि त्यासाठी पैसे कोण देणार. बरेच जण आधी विद्यापीठांची यादी करतात, अर्ज पाठवतात आणि फंडिंगची चौकशी शेवटी करतात. मग प्रवेश मिळतो, पैसे मिळत नाहीत. तयारीला किमान पंधरा महिने धरा. उत्तर अमेरिकेत वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, पण अर्ज बहुधा आदल्या डिसेंबर-जानेवारीतच बंद होतात.

प्रश्न लहान करा

‘शहरांतील आरोग्य विषमता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी दिसायला हव्यात: कोणता आजार किंवा सेवा, कोणती माणसं, जागेचं कोणतं एकक (घर, वस्ती की प्रभाग) आणि नियोजनाचा कोणता निर्णय. उदाहरणार्थ: ‘बसमार्ग बदलल्यावर डायलिसिस केंद्रापर्यंतचा प्रवास कोणत्या वस्त्यांना लांब पडला आणि तिथल्या रुग्णांची सत्रं जास्त चुकली का?’ डायलिसिस साधारणपणे आठवड्यातून तीनदा करावं लागतं, त्यामुळे एका बाजूच्या प्रवासातली वीस मिनिटांची वाढ जाऊन-येऊन आठवड्याला दोन तासांवर जाते. असा हिशेब पहिल्या परिच्छेदात असला की वाचणारा पुढे वाचतो.

एकक निवडताना सगळ्यात जास्त डोकं लावा. लंडनमध्ये 1854 साली डॉक्टर जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू घराघरांनुसार नकाशावर मांडले, म्हणून ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याच्या पंपाभोवतीची मृत्यूंची दाटी डोळ्यांत भरली. तेच आकडे मोठ्या विभागांत बेरजा करून मांडले असते तर ती पुसट झाली असती. सीमा बदलल्या की निष्कर्ष बदलतो, हे या क्षेत्रातलं जुनं दुखणं आहे. प्रपोजलमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या संशोधन आराखड्यात, निदान दोन वेगळ्या एककांवर विश्लेषण करून पाहणार असल्याचं लिहा. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रभागाची सरासरी तिथल्या प्रत्येक माणसाला चिकटवणं. मुलाखतीत हे हमखास पकडतात.

डेटा आहे का, ते आधी बघा

चांगली प्रपोजलं इथेच कोसळतात. अनेक देशांत झालेल्या डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेचंच (लोकसंख्या आणि आरोग्याच्या घरोघरच्या पाहणीचंच) घ्या. लोकांची ओळख झाकण्यासाठी त्यातले नमुना-समूहांचे, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्या वस्त्यांचे, नकाशावरचे बिंदू मुद्दाम हलवलेले असतात: शहरी भागात 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात 5 किलोमीटरपर्यंत आणि ग्रामीणांपैकी एक टक्का बिंदू तर 10 किलोमीटरपर्यंत. अशा बिंदूंवरून ‘दवाखाना 800 मीटरच्या आत आहे का’ हे मोजायला गेलात तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. रुग्णालयांच्या नोंदी हव्या असतील तर एथिक्स समितीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीत महिने जातात. त्या मिळाल्याच नाहीत तर काय करणार, तेही दोन ओळींत लिहून ठेवा.

पैसे कसे येतात

अमेरिका-कॅनडात बहुधा असिस्टंटशिप मिळते: शिकवण्याचं किंवा संशोधनाचं काम, अनेकदा आठवड्याला 20 तासांपर्यंत, त्याबदल्यात स्टायपेंड (राहण्या-खाण्यासाठीचं मानधन) आणि अनेक ठिकाणी फी माफी. नेदरलँड्स आणि जर्मनीत पीएचडी ही बऱ्याचदा नोकरीच असते. तिची जाहिरात निघते, करार होतो. जर्मनीत करार अनेकदा अर्ध्या किंवा 65 टक्के पदाचा (पगारही तेवढाच) असतो आणि काम पूर्ण वेळाचं होतं, हे धरूनच चाला. ब्रिटनमधली स्टुडंटशिप (पीएचडीची शिष्यवृत्ती) परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी भरते की स्थानिक दराइतकीच, ते वाचा, कारण फरक मोठा असतो. युरोपीय संघाच्या निधीवर चालणाऱ्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांसाठी, भरतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेले चालत नाहीत.

मार्गदर्शकाला ईमेल

अर्जाच्या तारखेआधी तीन-चार महिने लिहा. दीडशे-दोनशे शब्द पुरतात. विषयाच्या ओळीत ‘पीएचडी अर्ज: बससेवा आणि डायलिसिस’ एवढं पुरे. पहिल्या वाक्यात प्रश्न येऊ द्या, स्वतःची ओळख नंतर. मग त्यांच्या एखाद्या लेखातली पद्धत तुम्ही कुठे वापरणार किंवा कुठे बदलणार, ते सांगा. ‘तुमचं काम मला फार आवडतं’ हे वाक्य खोडा. त्यानंतर क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) किंवा ‘आर’मध्ये (संख्याशास्त्राची संगणकभाषा) केलेल्या एखाद्या कामाचा उल्लेख करा आणि शेवटी सरळ विचारा: ‘पुढच्या वर्षी आपण विद्यार्थी घेणार आहात का? त्या जागेचा निधी कुठून येतो आणि किती वर्षं पुरतो?’ शेवटचा भाग विचारायला लोक संकोचतात, पण प्रकल्पाचं अनुदान दुसऱ्याच वर्षी संपत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

एकच ईमेल सगळीकडे पाठवू नका. भूगोलवाले विचारतात, ‘हे इथेच का घडतं?’ नियोजनवाले विचारतात, ‘मग करायचं काय?’ मधला परिच्छेद त्याप्रमाणे बदला. सार्वजनिक आरोग्य विभागातही शोधा, या विषयातली माणसं तिथेही असतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग पुढचं नाव घ्या.

शिफारसपत्र देणाऱ्यांना सहा आठवडे आधी सांगा आणि सोबत प्रपोजल पाठवा, नाहीतर पत्रात ‘मेहनती विद्यार्थी’ यापलीकडे काही येत नाही.

ऑफर आल्यावर

स्टायपेंड 9 महिन्यांचा आणि घरभाडं 12 महिन्यांचं, हा फटका नेहमीचाच. किती वर्षांची हमी, उन्हाळ्यात काय, आरोग्य विमा आणि विद्यापीठाची किरकोळ शुल्कं कोण भरणार, फील्डवर्कचा खर्च मिळेल का, हे सगळं लेखी मागा. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार निधीसह आलेल्या ऑफरला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचं बंधन नसतं, त्यामुळे कोणी घाई केली तर त्या ठरावाकडे बोट दाखवा. तोवर त्याच मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला. मार्गदर्शक कसे आहेत असं विचारलंत तर सगळे ‘छान’ म्हणतील. त्यापेक्षा शेवटचा मसुदा किती दिवसांनी वाचून परत आला, ते विचारा.