ट्रॅक्टरच्या डिझेलच्या रबरी नळ्या बदलताना

नांगरट चालू असताना ट्रॅक्टर मध्येच दम टाकतो, दोन-चार उचक्या देतो आणि बंद पडतो. फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचा, हातपंप दहा-वीस वेळा मारला की पुन्हा सुरू होतो आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. असे होऊ लागले की बहुतेक जण आधी फिल्टर बदलतात आणि मग डिझेल पंप (नोझलकडे दाबाने डिझेल पाठवणारा मुख्य पंप) सोडून दुरुस्तीला नेतात. आमच्या घरच्या तीन सिलिंडरच्या जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीत आम्हीही हेच केले. पंप उतरवून, तपासून, पुन्हा बसवून आणण्यात पेरणीच्या तोंडावरचे चार दिवस गेले आणि शेवटी दोष निघाला तो टाकीच्या कॉकपासून फीड पंपापर्यंत येणाऱ्या वीतभर रबरी नळीत. तिच्याखाली डिझेलचा थेंब कधी पडलेला दिसला नव्हता; फक्त क्लिपपाशी धूळ ओलसर होऊन काळ्या लेपासारखी चिकटली होती. लेप पुसून नळी बोटांनी वाकवली, तेव्हा उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा तिच्या पाठीवर उघडल्या.

ही गोष्ट समजून घेतली की पुढचे काम सोपे होते. डिझेल टाकीतून कॉक, फीड पंप, फिल्टर आणि डिझेल पंप या वाटेने नोझलपर्यंत, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या तोटीपर्यंत, जाते आणि नोझलमधून उरलेले डिझेल ओव्हरफ्लोच्या बारीक नळीने परत येते. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असल्यामुळे तिथली नळी चिरली की डिझेल बाहेर येते आणि दोष डोळ्यांना दिसतो. फीड पंपाच्या मागची नळी मात्र ओढीखाली असते. टाकीतले डिझेल कमी झालेले असेल किंवा टाकीतील जाळी थोडी चोंदलेली असेल, तर ही ओढ वाढते आणि चिरेतून डिझेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. म्हणून नळी गळत नाही, याचा अर्थ ती चांगली आहे असा घेऊ नये. सकाळी गाडी उशिरा सुरू होणे, भार पडला की ताकद कमी होणे आणि हातपंप मारल्यावर तेवढ्यापुरते बरे होणे ही सगळी एअर घेण्याची लक्षणे आहेत. खात्री करायची असेल, तर फीड पंप आणि फिल्टर यांच्यामध्ये थोड्या वेळापुरता पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा जोडून इंजिन चालवावे. बुडबुडे सतत पळताना दिसले, तर हवा त्या तुकड्याच्या मागे कुठेतरी शिरत आहे. हा तुकडा तपासणीपुरताच ठेवावा, कारण प्लास्टिक डिझेलने पिवळे आणि कडक होते व उष्णतेने सैल पडून निसटते.

ओव्हरफ्लोच्या नळ्यांकडे दुर्लक्ष करू नये. त्या थेट इंजिनच्या हेडपाशी असतात, तिथली उष्णता त्यांना लवकर खाते आणि त्यातून झिरपलेले डिझेल तापलेल्या भागांवर पडते. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो अंश, मानकानुसार किमान ३५ सेल्सिअस ठरवलेला आहे. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले तापमानही त्याच्या वर जाते, आणि सायलेन्सरजवळ गव्हाचा भुसा किंवा उसाचे पाचट अडकलेले असले तर वेगळे काही सांगायला नको.

नळी तपासताना ती वाकवून पाहावी, टोकाशी बोटांनी दाबून पाहावी आणि क्लिपच्या खालचा भाग आवर्जून बघावा, कारण भेगा बहुधा तिथूनच सुरू होतात. काही नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात, पण त्यांचा आतला थर फुगून सुटलेला असतो आणि ओढ बसली की तो झडपेसारखा मिटतो. अशी नळी उभी चिरल्याशिवाय दोष कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की एक नळी खराब निघाली तर त्याच वयाच्या सगळ्याच बदलाव्यात. त्या एकाच उन्हात, एकाच डिझेलमध्ये आणि तेवढ्याच धक्क्यांत म्हाताऱ्या झालेल्या असतात, आणि नळ्यांचा खर्च हंगामातल्या एका दिवसाच्या खोळंब्यापुढे काहीच नाही.

नवी नळी घेताना दुकानदाराला ‘डिझेलची, नायट्राइल रबराची, आत दोऱ्याची वीण असलेली’ असे स्पष्ट सांगावे आणि नळीच्या अंगावरचा छाप वाचावा. ‘एसएई जे३० आर७’ किंवा त्याहून वरचा ‘आर९’ असा छाप असेल, तर ती इंधनासाठीच बनवलेली आहे. पाण्याची, हवेची किंवा घरगुती गॅसची नळी तात्पुरती म्हणूनही लावू नये. साधे रबर डिझेलमध्ये फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण सुटून फिल्टर चोंदतात. माप घेताना जुनी नळी मोजू नये, कारण ती ताणून मोठी झालेली असते. ज्या धातूच्या टोकावर नळी चढवायची त्याचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजावा आणि तेवढ्याच किंवा किंचित कमी आतील व्यासाची नळी घ्यावी. नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळ्यांच्या जागी मात्र रबरी नळी कधीही चालत नाही. तिथला दाब दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो.

काम सपाट जागी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर आणि बॅटरीची ऋण तार सोडून करावे. विडी-सिगारेट आणि गवत-भुसा लांब ठेवावा. खोलण्यापूर्वी सगळे जोड ब्रशने आणि थोड्या डिझेलने धुऊन कोरडे पुसावेत. ही पायरी अनेक जण गाळतात, पण पंपात गेलेला मातीचा एक कण जुन्या नळीपेक्षा जास्त नुकसान करतो. नळ्या कुठून कशा गेल्या आहेत याचा मोबाइलवर फोटो काढावा, कॉक बंद करावा, खाली घमेले ठेवावे आणि एका वेळी एकच नळी सोडावी, म्हणजे अदलाबदल होत नाही.

जुनी नळी टोकावर घट्ट चिकटलेली असते. पक्कडीने ओढून किंवा पिळून काढू नये, कारण पितळी टोक वाकते किंवा त्याचा झाळलेला जोड सुटतो. धारदार ब्लेडने नळीला उभी चीर द्यावी, ब्लेड धातूला घासू देऊ नये आणि मग ती सालीसारखी सोलून काढावी. धातूवर ओरखडा उमटला, तर त्याच वाटेने पुन्हा हवा शिरते. नवी नळीही ब्लेडनेच सरळ काटकोनात कापावी. हेक्सॉने कापल्यास रबराचा चुरा आत राहतो आणि तो थेट पंपाकडे जातो. कापल्यावर नळी फुंकून साफ करावी.

लांबी जुन्या नळीइतकीच, किंवा इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये हादरे बसतात तिथे दोन बोटे जास्त ठेवावी, पण नळी मुरगळणार नाही, सायलेन्सरला किंवा पंख्याच्या पट्ट्याला लागणार नाही आणि पत्र्याच्या कडेवर घासणार नाही हे पाहावे. क्लिप आधी नळीत ओवून घ्यावी, टोकाला डिझेलचे बोट लावावे आणि नळी फिरवत फिरवत दोन ते अडीच सेंटिमीटर आत बसवावी. टोकावरच्या उंचवट्याच्या मागे क्लिप यावी आणि ती रबर किंचित दबेपर्यंतच आवळावी. क्लिपच्या खाचांतून रबर वर येऊ लागले, तर ती जास्त आवळली गेली आहे. बाइंडिंग तारेने बांधण्याची सवय सोडून द्यावी, कारण तार एकाच रेषेत रबर कापते. बँजो बोल्ट, म्हणजे आतून डिझेल वाहणारा पोकळ बोल्ट, सोडला असेल, तर त्याची तांब्याची दोन्ही वायसर नवीच टाकावीत.

आता एअर काढायची. टाकीत पुरेसे डिझेल भरून कॉक उघडावा. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप मारावा. आधी फेस, मग बुडबुडे आणि शेवटी भरीव धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळावा. त्यानंतर दुसरा फिल्टर आणि मग डिझेल पंप, याच क्रमाने जावे. शेवटी बॅटरी जोडून गियर न्यूट्रल करावा, स्टॉपचा दांडा चालू स्थितीत आणि अॅक्सिलरेटर पूर्ण ठेवावा, नोझलच्या पोलादी नळ्यांचे नट अर्धा आटा सैल करावेत आणि सेल्फ मारावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. नटापाशी डिझेल उसळले की नट आवळावेत. या वेळी तिथे हात धरू नये. उच्च दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, तरी तडक रुग्णालय गाठावे.

नट सैल करण्याची ही रीत फक्त जुन्या पद्धतीच्या यांत्रिक पंपासाठी आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम ४ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच समाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल पुरवणारी प्रणाली आली. तिचा दाब हजार बारच्या पुढे जातो, त्यामुळे तिथे पोलादी नळीला पाना लावू नये आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच एअर काढावी.

इंजिन सुरू झाल्यावर पंधरा मिनिटे चालू ठेवावे आणि बंद करून प्रत्येक जोडाखाली कोरडी पांढरी चिंधी फिरवावी. ओल डोळ्यांना दिसण्याआधी चिंधीवर उमटते. पहिल्या दिवसाची नांगरट झाली की नवे रबर बसलेले असते, तेव्हा इंजिन गार झाल्यावर सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा पेचकसाने पाहाव्यात; बहुधा पाव फेरा तरी आवळली जाते. घमेल्यातले गढूळ डिझेल पुन्हा टाकीत ओतू नये, आणि विहिरीच्या कडेला किंवा रानातही टाकू नये.