नवीन घरात आलात? आधी दिवे बघा, बाकीचं सावकाश

नव्या देशात घराची किल्ली हातात आली की पहिले काही दिवस सगळ्यांचं सारखंच असतं, बॅगा अर्धवट उघडलेल्या, भिंती पांढऱ्याफटक, बोललं की आवाज घुमतो आणि घर काही आपलं वाटत नाही. मग घाईघाईत सगळं फर्निचर एकदम मागवलं जातं. मी पण तेच केलं होतं, आणि नंतर तीन वर्षांत दोनदा घर बदलावं लागलं तेव्हा त्यातलं अर्ध्याहून जास्त सामान देऊन टाकलं, कारण पुढच्या घरात ते बसेचना. म्हणून सांगते, गादी, बसायला काहीतरी आणि पडदे एवढं घ्या आणि महिनाभर थांबा. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, फोनवर बोलताना तुम्ही आपोआप कुठे जाऊन बसता, हे कळू द्या. ती जागा सापडली की घर लावायला तिथूनच सुरुवात करायची.

एक गोष्ट मात्र पहिल्या आठवड्यातच करा, दिवे. भाड्याच्या घरात छताला बहुतेक एकच पांढरा झगझगीत बल्ब असतो आणि संध्याकाळी त्या उजेडात घर ऑफिससारखं दिसतं. बल्बच्या बॉक्सवर केल्विन (K), म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा, लिहिलेला असतो तो वाचायची सवय लावा, २७०० म्हणजे पिवळसर उबदार उजेड, ४००० च्या पुढे पांढरा. बसायच्या आणि झोपायच्या खोलीत २७०० लावा, किचनमध्ये कापायच्या ओट्यावर पांढरा चालतो. आणि छताच्या दिव्याऐवजी दोन-तीन छोटे लॅम्प वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, फरक लगेच दिसेल, खरंच. घरून लॅम्प आणला असेल तर लावायच्या आधी व्होल्टेज बघा, कुठे २३० असतं कुठे १२०, बल्बचं होल्डरही बदलतं, कुठे पिनांचं कुठे स्क्रूचं. प्लगला नुसता अ‍ॅडॉप्टर लावला म्हणून व्होल्टेज बदलत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता भिंती. काहीही लावायच्या आधी रिकाम्या घराचे फोटो काढून ठेवा, तारखेसकट, डिपॉझिट परत मागताना उपयोगी पडतात. खिळे ठोकायचे किंवा रंग लावायचा तर घरमालकाला लेखी विचारा, तोंडी हो म्हणालेलं नंतर कोणाला आठवत नाही. नाही म्हणाले तर खिळ्याशिवाय फ्रेम लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात, पण त्या लावायची पद्धत आहे, भिंत आधी स्पिरिटने पुसायची, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरायची, पाकिटावर सांगितलंय तेवढा वेळ थांबायचं आणि मगच फ्रेम लटकवायची. माझ्या पहिल्या दोन फ्रेम पडल्या त्या न पुसता लावल्यामुळेच. काढताना पट्टी भिंतीला समांतर खाली हळूहळू ओढायची, पुढे खेचली की रंग निघतो.

फ्रेम बहुतेक जण फार वर लावतात. फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर हवा, म्हणजे उभं राहिल्यावर नजरेसमोर. चार-पाच एकत्र लावायच्या असतील तर त्या मापाचे कागद कापून मास्किंग टेपने चिकटवा, दोन दिवस तसेच राहू द्या, मग ठरवा. आणि घरून आणलेले जुने फोटो असतील तर मूळ फोटो भिंतीवर नका लावू प्लीज, उन्हाने फिके होतात आणि ते परत मिळत नाहीत. स्कॅन करून प्रिंट लावा, मूळ फोटो बंद फाईलमध्ये ठेवा.

आवाज घुमतो त्यावर उपाय कापड. गालिचा, जाड पडदे, उशा, घरून आणलेली चादर दिवाणावर टाकली तरी खोली शांत होते. गालिचा लहान घेण्याची चूक खूप होते, सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी त्याच्यावर यायला हवेत, घ्यायच्या आधी जमिनीवर टेपने चौकोन आखून बघा. पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा १०-१५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना थोडा जास्त लांब घेतला की खिडकी मोठी वाटते. फक्त खाली हीटर असेल तर पडदा त्याच्यावर येऊ देऊ नका.

किचनच्या कपाटांची हँडल बदलणं मला सगळ्यात आवडतं, एका दुपारचं काम आहे, रोज हात लागतो तिथे आपली निवड. दोन भोकांमधलं अंतर मोजून घ्या, बरेचदा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असतं. जुनी हँडल स्क्रूसकट एका पिशवीत घालून सिंकखाली ठेवा, जाताना परत लावायची असतात.

झाडं हवीत तर कमी उजेडात स्नेक प्लांट, झीझी, मनीप्लांट टिकतात, ती मरतात ती बहुतेक जास्त पाण्याने, बोट घालून माती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी द्या. मांजर-कुत्रं असेल तर ही तिन्ही उंचावर ठेवा, पानं चावली तर त्यांना त्रास होतो.

आणि ती फोनवर बोलायची जागा म्हटलं ना, तिथे एक लॅम्प आणि मागच्या भिंतीवर घरच्यांनी दिलेली एखादी वस्तू एवढं पहिल्या महिन्यात नक्की करा. व्हिडिओ कॉलवर आईला मागे ती वस्तू दिसली, की पोरगं कसं राहतंय तिकडे ही तिची काळजी जरा कमी होते.