डोंगरात 'धडाम' ऐकू आलं? आधी घड्याळ बघा

ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच, की काल गडावर मुक्कामाला होतो आणि रात्री अडीचच्या सुमारास तोफ डागल्यासारखा आवाज आला, दोनदा, कुणाला काही माहितीये का? मग खाली सुरू, एलियन, भुयार, चकवा, सरकार काहीतरी लपवतंय. ज्याला खरंच काही सांगता आलं असतं तोही गप्प बसतो, कारण अडीच म्हणजे दोन पंचवीस का दोन चाळीस ते कुणी बघितलेलं नसतं, जमीन हलली का ते आठवत नसतं, आणि सगळे फक्त "आवाज तिकडून आला" यावर भांडत असतात. तर आवाज आल्यावर नेमकं काय करायचं ते इथे लिहितोय, जमेल तसं.

पहिलं काम, घड्याळ. तास मिनिटं नाही, सेकंदासकट. मोबाईलचं घड्याळ नेटवर्क नसलं तरी एकदोन दिवस चांगलं चालतं, लॉक स्क्रीनवर सेकंद दिसत नसतील तर व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तोंडाने बोला, "आत्ता वीसेक सेकंदांपूर्वी एक मोठा आवाज आला". फाईलला वेळ आपोआप लागते. रेकॉर्डिंग तसंच चालू राहू दे कारण असे आवाज बऱ्याचदा जोडीने किंवा रांगेने येतात आणि पहिला कुणाच्याच हाती लागत नाही. फोनच्या माईकला अगदी खालचा घुमणारा आवाज नीट पकडता येत नाही, त्यामुळे नंतर ऐकताना "एवढंच?" असं वाटेल, पण वेळ तर मिळाली ना, ती जास्त कामाची.

दिशेच्या नादी लागू नका. सह्याद्रीत तर अजिबातच नाही. सरळसोट बसाल्टचे कडे, त्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा अर्धगोल असला तर आवाज आदळून भलत्याच बाजूने परत येतो, आणि मागच्या दरीतला सुरुंग समोरच्या डोंगरात फुटला असं छातीठोकपणे सांगणारी चार माणसं तयार होतात. दिशा लिहायची तर लिहा, पण शेवटी, आणि पुढे "बहुतेक" जोडा.

दुसरं, आवाज कानाला आला की पाठीला? झोपलेले असाल तर हे लगेच कळतं. कॅरीमॅटखालून गुरगुर किंवा धक्का जाणवला, पातेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठली, म्हणजे जमिनीचं काहीतरी आहे. उलट तंबूचं कापड फडफडलं, छातीवर दाब आल्यासारखं झालं पण खालचा खडक ढिम्म, तर ते हवेतून आलंय. घराच्या खिडक्या आणि पत्रे दोन्ही प्रकारात वाजतात, त्यामुळे "पत्रे वाजले म्हणजे भूकंप" हे धरू नका. फोनमध्ये फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, त्यात ॲक्सेलरोमीटर (फोनची हालचाल मोजणारा सेन्सर) चालू करून फोन सपाट खडकावर ठेवा, पुढचा आवाज आला तर रेघ हलली का ते दिसेल (अगदी बारीक हादरा दिसणार नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं).

आता खरी मजेची गोष्ट, आणि यासाठीच घड्याळ घड्याळ करतोय. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला ३ सेकंद. जमिनीतली भूकंपाची पहिली लाट मात्र सेकंदाला ५-६ किलोमीटर धावते. समजा तुम्ही गडावर आहात आणि तुमचा दुसरा ग्रुप १५ किलोमीटरवरच्या गावात. दोघांच्या वेळेत दोनतीन सेकंदांचाच फरक निघाला तर जमीन हा पहिला संशयित. ४० सेकंदांच्या आसपास फरक निघाला तर हवेतून आलेला आवाज, आणि ज्याला आधी ऐकू आला त्याच्या बाजूचा. थोडा फरक निघाला तरी उगम दोघांच्या मधोमध तर नाही ना ते बघा, म्हणून तिसरी वेळ मिळाली तर सोन्याहून पिवळं. खालच्या वाडीत फोन करून मामा-काकांना विचारताना "तुम्हाला ऐकू आलं का" एवढंच विचारू नका, "किती वाजता, आणि भांडी आधी वाजली का आवाज आधी" हे विचारा.

जमिनीतून आवाज येतो हे अनेकांना पटत नाही. पण येतो. भूकंप छोटा आणि उथळ असला की त्याची कंपनं जमिनीतून हवेत उतरतात आणि आपल्याला धडाम किंवा लांबून ट्रक येतोय तशी घरघर ऐकू येते, कधी तर हादरा जाणवतही नाही, नुसता आवाज. ऑगस्ट २०१८ मध्ये मेळघाटात धारणी तालुक्यातल्या साद्राबाडीला असे धक्के आणि आवाज सुरू झाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात तर मालिकाच लागली, लोक कित्येक रात्री घराबाहेर झोपले. लातूरच्या निलंगा तालुक्यात हासोरीला सप्टेंबर २०२२ मध्ये तेच. आणि यातले बरेच प्रकार पावसाळ्यात किंवा पाऊस संपता संपता सुरू होतात, कारण भेगांमधून पाणी खाली मुरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक थोडा सरकतो, निदान शास्त्रज्ञांचं एक मोठं म्हणणं असं आहे. कोयना भागात तर १९६७ च्या ११ डिसेंबरच्या मोठ्या भूकंपानंतर आजतागायत लहानमोठे धक्के चालूच आहेत, तिथे मुक्काम असेल तर ही शक्यता वरच्या नंबरवर ठेवा.

एक सांगू, मराठवाड्यातल्या माणसाने असा आवाज ऐकून रात्री पोरंबाळं घेऊन अंगणात येऊन बसणं यावर मुंबई-पुण्याच्या माणसाने हसू नये. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं त्याच्या वर्षभर आधीपासून तिथे छोटे धक्के बसत होते. बहुतेक मालिका काही न होता विरून जातात हे खरं, पण कुठली विरेल ते आधी कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे जुन्या दगडमातीच्या घरात मुक्काम असेल तर सरळ बाहेर झोपा. गडावर असाल तर बुरुज, तटबंदी, गुहेचं तोंड यापासून लांब. नंतर रेंज आली की नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजीच्या (देशातले भूकंप नोंदवणारी सरकारी संस्था) भूकंप (BhooKamp) ॲपमध्ये किंवा साइटवर तुमची वेळ जुळते का बघा. नोंद नसली तरी भूकंप नव्हताच असं नाही, अगदी बारीक धक्के यादीत येत नाहीत.

हवेतून आलेल्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा निघतो तो खाणीतला सुरुंग. दिवसा, बहुतेक दुपारी किंवा संध्याकाळी, आधी भोंगा, आणि एकच धडाम नाही तर लागोपाठ, मग धुळीचा लोट. दोन दिवस त्याच वेळेला आला तर शोध संपला. त्यानंतर लष्कराचा सराव. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं स्कूल आहे, नगरजवळ के. के. रेंजवर रणगाडे सराव करतात, आणि हिवाळ्यात पहाटे दरीत गार हवा साचून वर गरम थर असला की वर गेलेला आवाज वाकून परत खाली येतो, त्यामुळे एरवी न ऐकू येणारी तोफ त्या दिवशी कुठल्या कुठे ऐकू येते. मधल्या गावाला काहीच नाही आणि लांबच्याला मोठ्ठा आवाज, असंही होतं. त्यात भुताटकी नाही.

ढग नाहीत, खाण नाही, आणि आवाज लागोपाठ दोन, 'धड-धड', तर विमान. आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचे दोन धक्के असतात. वर बघून उपयोग नाही, ते तोवर पुढे निघून गेलेलं असतं. २० मे २०२० ला बंगळुरूत भरदुपारी सगळं शहर दचकलं होतं, संध्याकाळी संरक्षण खात्याने सांगितलं की हवाई दलाचं चाचणीचं विमान होतं, आणि असा आवाज विमान ६५ ते ८० किलोमीटर लांब असलं तरी ऐकू येऊ शकतो. नाशिकच्या ओझरला सुखोई लढाऊ विमानांचं काम चालतं, त्या बाजूच्या लोकांनी हे लक्षात ठेवा.

शेतकरी डुकरं-माकडं हाकलायला पाईपची कार्बाईड गन वाजवतात, तो तुटक 'ठो', तिकडे फिरकायचं कारण नाही. पण रानात सुतळी गुंडाळलेला गोळा, पिठाचा उंडा असलं काही पडलेलं दिसलं तर लाथसुद्धा मारू नका. डुकरं मारायला ठेवलेला गावठी बॉम्ब असू शकतो. बंदुकीचा आवाज वाटला तर हिरोगिरी न करता मागे फिरा आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. फायरिंग रेंजच्या आसपास सापडलेला लोखंडाचा तुकडा पण तसाच सोडायचा.

आकाशात आधी लख्ख उजेड दिसला तर मोजायला लागा, आणि कड्याच्या टोकावरून, काचेपासून लांब व्हा. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली तेव्हा उजेड बघायला लोक खिडकीत गेले आणि मिनिटभरापेक्षा जास्त वेळाने आलेल्या धक्क्याने काचा फुटून जवळपास दीड हजार लोक जखमी झाले. आपल्याकडे २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात दिसलेला जाळाचा पट्टा चिनी रॉकेटचा निघाला, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं होतं. असलं काही सापडलं तर सेल्फी लांबून, त्याला विषारी इंधन लागलेलं असू शकतं. उजेड विजेचा असेल तर तोच ३ सेकंदांचा हिशोब, ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर माथा सोडा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप निघायच्या आधीच टाकून ठेवा.

आता एकच आवाज असा आहे जिथे घड्याळबिड्याळ काही बघायचं नाही. पावसाळा, कड्याखाली किंवा नाळेत (डोंगरातल्या अरुंद घळीत) तुम्ही, आणि वरून खडखड सुरू होऊन ती थांबायच्या ऐवजी वाढतेय. दरड. नाळेतून खाली पळायचं नाही, ती त्याच वाटेने येते, आडवं सरकून सोंडेवर, धारेवर चढायचं. ओढ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा आटलं, जमिनीला नवी भेग दिसली, तर आवाजाची वाटही बघू नका. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही दरडी जुलैमधल्या आहेत.

यातलं काहीच जुळलं नाही तर? तर नाही जुळलं. बंगालच्या मुखप्रदेशातल्या, आता बांगलादेशात असलेल्या बरिसालला एकोणिसाव्या शतकात समुद्राकडून तोफांसारखे आवाज यायचे, इंग्रजांनी त्यांना बरिसाल गन्स नाव दिलं आणि त्यांचं ठाम कारण अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी वरची सगळी गाळणी लावा, आणि आवाजाच्या मागे रात्री टॉर्च घेऊन जंगलात शिरू नका. जे पडतात ते आवाजाने नाही, कड्यावरून पडतात.

जमिनीचा संशय असेल किंवा आवाज परत परत येत असेल तर तहसील कार्यालयाला किंवा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवा, आणि असं कळवा, उदाहरणार्थ: "आज पहाटे २ वाजून ३७ मिनिटं १० सेकंद, अमुक वाडी, एक आवाज, ३ सेकंद घरघर, जमीन हलली, भांडी वाजली, आकाश स्वच्छ, ८ किलोमीटरवरच्या तमुक गावात २ सेकंदांनी जाणवला, भिंतीला नवी भेग नाही." ग्रुपवर पण हाच मेसेज टाका, खाली "फॉरवर्डेड ॲज रिसीव्हड" न लिहिता.