टेबल-कॉलमच्या नावांना डबल कोट लावताय? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका संत्रा व्यापाऱ्याचा आवकेचा हिशोब मी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बसवत होतो. टेबल पीजीॲडमिन या पोस्टग्रेसच्या टूलमध्ये माउसने बनवलेलं, एका कॉलमचं नाव ‘लॉटनो’. त्यातले एल आणि एन कॅपिटल. टूलमध्ये सगळं नीट चालायचं. रिपोर्टसाठी हाताने क्वेरी लिहिली, तर एरर आली: असा कॉलमच नाही! ऐन आंबिया बहारात अख्खी दुपार त्यात गेली.

कारण साधं आहे. कोट नसलेलं नाव पोस्टग्रेस स्मॉल अक्षरांत बदलून शोधतो, ओरॅकल हा दुसरा डेटाबेस कॅपिटलमध्ये. नावात कॅपिटल दिसलं की पीजीॲडमिन गुपचूप डबल कोट लावून, कॅपिटल तसंच ठेवून टेबल बनवतो, आणि मग त्या नावाला प्रत्येक क्वेरीत जन्मभर कोट लावावे लागतात. म्हणून ‘सेव्ह’ दाबण्याआधी एसक्यूएलचा टॅब उघडून पाहा. चूक झालीच असेल तर लगेच रिनेम करा. व्ह्यू (डेटाबेसमध्येच साठवलेल्या क्वेऱ्या) आपोआप सांभाळले जातात, पण ॲपमधल्या क्वेऱ्या तुम्हालाच बदलाव्या लागतील.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधली चूक जास्त घातक, कारण तिथे एररच येत नाही. तिथे नावासाठी बॅकटिक (`) लागतो. डबल कोटमधला मजकूर मूळ सेटिंगमध्ये साधा मजकूरच धरला जातो. पोस्टग्रेसची क्वेरी तशीच चिकटवून ‘"लॉट_नो" = 12’ अशी अट टाकली, की एकही ओळ येत नाही आणि आपल्याला वाटतं आज आवकच नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चौकोनी कंस वापरतात. वर्डमधून क्वेरी कॉपी केली असेल तर वाकडे कोट आधी सरळ करा.

मराठी नावं देणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. पोस्टग्रेसमध्ये देवनागरी नाव कोटशिवाय चालतं. मध्ये स्पेस असेल तर मात्र कोट लागतात. पण नावाची मर्यादा ६३ बाइट, आणि आपलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार ३ बाइट खातो. ‘आंबिया_बहार_संत्रा_आवक_क्विंटल’ आणि ‘आंबिया_बहार_संत्रा_आवक_रक्कम’ ही दोन्ही नावं ‘आवक_’पाशीच कापली जातात आणि एकच कॉलम दोनदा दिल्याची तक्रार येते. कोट लावून ही मर्यादा वाढत नाही. ‘आंबिया_क्विंटल’, ‘आंबिया_रक्कम’ एवढी नावं पुरतात.