आतड्याची सूज आणि पांढऱ्या पेशी: या चुका टाळा

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला वारंवार सूज आणणारे आजार) असलेले बरेच जण सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट आला की आधी डब्ल्यूबीसी म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा बघतात आणि तो नॉर्मल दिसला की निर्धास्त होतात. ही सगळ्यात मोठी चूक. रक्तातल्या पेशी या फक्त वाटेवरच्या पेशी, खरी नासधूस त्या आतड्याच्या अस्तरात शिरल्यावर करतात. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जहाल एन्झाइम सोडतात, त्यात जंतूंसोबत आपलंच अस्तर सोलवटून निघतं, मग आतड्यातले बॅक्टेरिया त्या फटींतून आत घुसतात, ते बघून मॅक्रोफेज या दुसऱ्या पांढऱ्या पेशी टीएनएफ आणि आयएल-२३ सारखे सूज वाढवणारे सिग्नल सोडतात, टी पेशी (याही पांढऱ्याच) चवताळतात आणि रक्तातून आणखी कुमक येते. चक्र सुरूच राहतं.

म्हणून सूज किती आहे ते बघायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट जास्त कामाची. हे प्रोटीन मुख्यतः न्यूट्रोफिलमधलंच असतं. साधारण ५० (मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम) च्या खाली असेल तर बरं, २५० च्या वर असेल तर बहुतेक वेळा सूज चालू आहे असं धरतात. पण टेस्टच्या आधी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या घेतल्या असतील किंवा पोटात इन्फेक्शन असेल तरी आकडा वाढतो, ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि या पेनकिलरने आजारही उसळू शकतो, त्यामुळे मनाने घेऊच नका.

प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू असताना डब्ल्यूबीसी वाढलेला दिसला तर लगेच घाबरू नका, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल स्टिरॉइडमुळे सुटून रक्तात येतात. ताप असेल तर मात्र स्टिरॉइडवर ढकलून गप्प बसायचं नाही.

'इम्युनिटी बूस्टर' म्हणून मिळणाऱ्या पावडरी आणि काढे कृपया नको. इथे इम्युनिटी कमी पडलेली नाहीये, ती चुकीच्या जागी भडकली आहे. औषधं त्या भडक्यालाच आवर घालतात, इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफ अडवतं, वेडोलिझुमॅब तर टी पेशींना आतड्यात शिरण्याच्या दारावरच रोखतं.

बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं, हेही फार जण करतात. जुलाब थांबले तरी अस्तरात पेशी ठाण मांडून असू शकतात, ते कोलोनोस्कोपीत (आतडं दुर्बिणीने आतून बघतात ती तपासणी) नीट कळतं.

अझाथायोप्रिन (इम्युनिटी दाबणारी गोळी) घेणाऱ्यांनी सीबीसी अजिबात चुकवू नका, त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या खाली जाऊ शकतात. ताप, घसादुखी, तोंडात फोड असं काही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.