क्रोशाचा गोल रुमाल सपाट कसा विणावा

रुखवतात मांडायचा असो की गणपतीच्या चौरंगावर घालायचा, क्रोशाचा गोल रुमाल सगळीकडून टेकला पाहिजे. बहुतेकांचा तिसऱ्या-चौथ्या फेरीत वाटीसारखा वर येतो, नाहीतर कडेला झालर पडते. ‘धुवून इस्त्री केली की बसेल’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. इस्त्रीने टाके बसतात, त्यांची संख्या बदलत नाही. आणि दोष बहुतेक वेळा संख्येतच असतो.

तुळशीबागेत दोरा, लोकर, सुया सगळं मिळतं. शिकताना फिकट रंगाची जाडसर लोकर आणि ४ मिमीची सुई घ्या. बारीक सुती दोरा नंतर.

५ साखळ्या (सुईवरच्या फासातून दोरा ओढून होणारे साधे टाके) घालून गोल जोडा. ३ साखळ्या (हा पहिला खांब) आणि गोलात ११ खांब, म्हणजे सुईला दोऱ्याचा एक वेढा देऊन विणलेले उंच टाके. स्लिप स्टिचने (टाक्यात सुई घालून दोरा सुईवरच्या फासातूनही एकदम ओढायचा) फेरी बंद करा.

आता खरी मेख: दर फेरीला टाके वाढवणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते याच वाढवण्याने. खांब साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतो. फेरी तेवढी बाहेर सरकली की घेर त्या उंचीच्या सव्वासहापट वाढतो, म्हणजे दर फेरीला १२ च्या आसपास टाके वाढायलाच हवेत. म्हणून १२, २४, ३६, ४८. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन खांब. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन. चौथीत दोन टाक्यांत एकेक, मग एकात दोन. ‘अंदाजाने वाढवा’ म्हणणाऱ्यांचे रुमाल मी पाहिले आहेत. मोजा, प्रत्येक फेरी संपली की मोजा.

मोजणी चुकते ती फेरीच्या जोडावर. सुरुवातीच्या ३ साखळ्यांपैकी वरची, तिसरी साखळी हेच त्या खांबाचं डोकं. ती गाठीसारखी आवळलेली दिसते, म्हणून सुई शेजारच्या फटीत जाते. तिथे भोक पडतं आणि टाका कमी-जास्त होतो. त्या साखळीत खुणेचा रंगीत दोरा अडकवून ठेवा.

वाढीचे टाके दर फेरीत एकावर एक येऊ देऊ नका, कोपरे दिसू लागतात. थोडे पुढेमागे सरकवा.

संख्या बरोबर असूनही वाटी होत असेल, तर तुमचे खांब उंच पडताहेत: सुईवरचा फास कमी ओढा. झालर पडत असेल, तर खांब बुटके आहेत. फरक दिसताच तेवढी फेरी उसवा. क्रोशात सुईवर एकच फास असतो, उसवायला भीती कसली? पुढे विणत गेलात तर दोष वाढतच जातो.

हवा तेवढा झाला की दोरा कापून टोक टाक्यांत ओवा. सुती रुमालाला पातळ खळ द्या, टाचण्यांनी ताणून वाळवा. टाचण्या न गंजणाऱ्याच घ्या. पांढऱ्या दोऱ्यावरचा गंजाचा डाग सहसा निघत नाही.