बटण दाबल्यावर येणार कोण? एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांच्या घराची तयारी

मुलं पुण्याला, बेंगळूरला नाहीतर गोव्याला, आणि आई किंवा वडील शहापूर, खानापूर, निपाणीच्या घरात एकटे. आपल्या बेळगाव भागात आता गल्लीगल्लीत हेच आहे. सुट्टीला आलेला मुलगा ऑनलाइन एक धोक्याच्या बटणाचं लॉकेट मागवतो, आईच्या गळ्यात घालतो, "काही झालं तर हे दाब" म्हणतो आणि रविवारी रात्रीची बस पकडतो. लॉकेट चांगलंच असतं. पण ते दाबल्यावर फोन वाजणार पुण्यात, आणि पुण्यात बसून आईला उठवता येत नाही. म्हणून यादीत यंत्र पहिलं लिहू नका. आधी दहा मिनिटांत घरी पोचतील अशा दोघांची नावं लिहा, एक शेजारचं, एक गल्लीतलं. त्यांना गृहीत धरू नका. समोर बसून विचारा, रात्री दोनला उठून याल का तेही विचारा. ती दोन नावं मिळेपर्यंत पाकिटाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना विचारा. "तुला काय पाहिजे?" म्हटलं की "मला काय झालंय? हाय की मी धडधाकट," हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी कुठलं काम जड जातंय ते विचारा. मग खरं बाहेर येतं: न्हाणीतून उठताना नळाला धरून उठते, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, चारचौघांत बोललेलं ऐकू येत नाही म्हणून लग्नाला जायचंच सोडलंय. खरेदीची यादी यातून करायची, जाहिरातीतून नव्हे.

दाराची कडी हा मुद्दा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. आई रात्री पुढच्या दाराला आतून कडी घालते, वर अडसर लावते, मागच्या दाराला खिट्टी. लॉकेट वाजलं, शेजारचे काका धावत आले, आणि दार आतून बंद. तेव्हा पुढच्या दाराला बाहेरून किल्लीनं उघडणारं लॅच बसवा, एक किल्ली शेजारी ठेवा आणि कडी-अडसर काढूनच टाका. नुसतं "लावू नको" सांगून सवय सुटत नाही. न्हाणीचं दारही बघा. ते आत उघडत असेल आणि माणूस आत दाराला टेकून पडला, तर बाहेरून ढकलता येत नाही. सुताराकडून बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि माझ्या लेखी ते कुठल्याही सेन्सरपेक्षा मोलाचं.

आपली जुनी घरं लांबट. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं, दर दाराला उंबरा आणि संडास परड्याच्या टोकाला. वॉकर किंवा व्हीलचेअर आणण्याआधी टेप घेऊन सगळ्या दारांची रुंदी मोजा. उताराचं प्रमाण एकास बारा धरतात, म्हणजे चार इंचांच्या उंबऱ्याला चार फूट लांब उतार. तेवढी जागा माजघरात नसते. तिथं उंबऱ्याशेजारी धरायला दांडा बसवा. न्हाणीतला दांडा टॉवेलचा नको, अंगाचा भार पेलणारा हवा. जुन्या मातीच्या भिंतीत स्क्रू धरत नाहीत, म्हणून वेल्डरकडून जमिनीत पाय रोवलेला स्टीलचा दांडा करून घ्या. पावसाळ्यात परड्यातल्या फरश्यांवर शेवाळ धरतं. तिथवर चालत जाण्याची चाहूल लागताच आपोआप लागणारे दिवे लावा. रात्री संडासला उठणाऱ्या माणसाला बटण चाचपावं लागू नये. जमत असेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची खाटेजवळच ठेवा. आई लाजेल, पहिले चार दिवस.

वळवाचा पाऊस आला की लाइट जाणार, हे धरूनच चाला. वायरलेस डोअरबेलचं बटण आईच्या खाटेला आणि घंटा शेजारच्यांच्या घरात, ही स्वस्तातली आणि उत्तम सोय आहे. पण प्लगमध्ये लावायची घंटा लाइट गेली की मुकी होते, म्हणून ती त्यांच्या इन्व्हर्टरच्या लाइनीवर लावा. खोक्यावर लिहिलेला पल्ला मोकळ्या मैदानातला असतो, दगडी भिंतीतून तो बराच कमी होतो. वाय-फायवर चालणारं काही घेणार असाल तर राउटरही इन्व्हर्टरवर हवा. घरात ऑक्सिजनचं मशीन असेल तर आकडेमोड करा: मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण ३०० ते ४०० वॅट खातं, इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या बॅटरीवर ते प्रत्यक्षात तीनेक तास धरा. पुढचे तास सिलिंडरवर काढायचे आहेत, तेव्हा भरलेला सिलिंडर घरात असू द्या आणि तो जोडायचा कसा ते शेजारच्यांनाही दाखवा.

सिमवर चालणारं लॉकेट घेताना ते २जीवर चालतं की ४जीवर हे दुकानदाराला आधी विचारा. जिओचं २जी नेटवर्कच नाही, त्यामुळे २जीच्या लॉकेटमध्ये ते सिम घालून उपयोग नाही. खानापूरच्या जंगलपट्टीत तर कुठल्या सिमला रेंज येते ते न्हाणीत आणि परड्यात उभं राहून बघा. पडतात माणसं तिथं. सोप्यात सगळ्यांनाच रेंज येते.

घरात ठेवायचे अलेक्सासारखे बोलके स्पीकर हिंदी-इंग्रजीवर चालतात, पण फोनमधला गूगल मराठी ऐकतो. आपली निम्मी कन्नड मिसळलेली मराठी त्याला कितपत झेपते ते आईलाच बोलायला लावून तपासा. कानाचं यंत्र घेतलं असेल तर सेलवरची चिकटपट्टी सेल घालतानाच काढायची, कारण ती काढली की हवा लागून सेल उतरायला लागतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. गोळ्यांसाठी सात दिवसांची कप्प्याची डबी पुरते.

सरकारी मदतीचं. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे ३००० रुपयांचे मेसेज आपल्याकडच्या ग्रुपवर फिरतात. ती योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे आणि आपण कर्नाटकात, त्यासाठी तलाठ्याकडे हेलपाटे घालू नका. आपल्याला चालते ती केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ची, ६० वर्षांवरच्या गरजू ज्येष्ठांसाठी. काठी, वॉकर, व्हीलचेअर, कानाचं यंत्र, चष्मा, कवळी तीत मोफत मिळते आणि वाटप शिबिरांत होतं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढून ठेवा. आधारवरचं, रेशनकार्डावरचं आणि दाखल्यावरचं नाव एकच आहे का ते आधी बघा. मराठी नाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना काय काय होतं ते आपल्याला माहीत आहेच.

फोनजवळ भिंतीवर एक कागद चिकटवा. अँब्युलन्स १०८, तातडीची मदत ११२, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ (ही सल्ल्यासाठी, रात्री पडल्यावरची नव्हे). खाली घराचा पत्ता आणि जवळची खूण, मराठीत आणि कन्नडमध्ये. आईला कन्नड येत नसेल तर मराठी अक्षरांत एवढं लिहा: "अज्जी बिद्दिद्दारे, अँब्युलन्स बेकु."

कॅमेरा बसवायचा तर तिला विचारून, आणि सोप्यातच. झोपायच्या खोलीत नको. दिवसातून दोनदा फोन केला तर बहुतेक घरांत त्याची गरजही पडत नाही.

सगळं बसलं की एका दुपारी रंगीत तालीम घ्या. तुम्ही न्हाणीत खाली बसा, आईला बटण दाबायला लावा आणि कोण किती वेळात आत येतं ते घड्याळ लावून बघा. किल्ली सापडत नाही, घंटा टीव्हीच्या आवाजात ऐकू जात नाही, असं काहीतरी निघतंच. ते दुरुस्त करूनच बस पकडा. आणि लॉकेटच्या सिमचा रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरवर लिहा, शेजारी तो मारणाऱ्याचं नावही.